पैसे भरून पिठ्ठू

फौजेत ‘पिठ्ठू’ नावाची एक शिक्षा आहे. बुटाला चकाकी कमी पडली, हजेरीला पाच सेकंद उशीर झाला, कवायत घेणाऱ्या उस्तादांना घरून आलेलं पत्र मनासारखं नव्हतं, अशा कुठल्याही गंभीर गुन्ह्याला ती चालते. पाठीवरच्या पिशवीत वजन भरायचं, पिशवी खांद्यावर चढवायची आणि उस्ताद कंटाळेपर्यंत मैदानाला फेऱ्या मारायच्या. उस्ताद सहसा कंटाळत नाहीत. आता दुसरं दृश्य बघा. पाठीवरच्या पिशवीत वजन भरायचं, पिशवी खांद्यावर चढवायची आणि मैदानाला फेऱ्या मारायच्या. फक्त इथे कडेला डीजे वाजतोय, छातीवर नंबर आहे, वाटेत केळी मिळतात आणि या सगळ्यासाठी महिनाभर आधी ऑनलाइन पैसे भरलेले आहेत. पहिल्या प्रकाराला माणूस जन्मभर मनातल्या मनात शिव्या घालतो. दुसऱ्याला टॅक्टिकल फिटनेस म्हणतात आणि त्याचं पदक दिवाणखान्यात टांगतात.

या स्पर्धांच्या गर्दीत एक गृहस्थ हमखास सापडतो, तो म्हणजे निवृत्त फौजी. अमेरिकेत तो सार्जंट असतो, साताऱ्यात हवालदार नाहीतर सुभेदार. मिशीचा भाग सोडला तर माणूस एकच. त्याची ठाम समजूत असते की हे सगळं आपण पगार घेऊन केलंय, तेही सकाळच्या चहाआधी. ही आयटीतली पोरं आपल्यापुढे काय टिकणार? मग पहिली स्पर्धा होते, आणि आयटीतली पोरं, त्यांच्या बायका आणि त्यांतल्या एकाची सासू असे सगळे त्याच्या डोळ्यांदेखत पुढे निघून जातात. यावर जगाचं निदान ठरलेलं आहे: वय झालं, पोट सुटलं, कॅन्टीनची रम बाधली. हे निदान आम्हांला मान्य नाही. आमचं म्हणणं असं, की तो आता सैनिक राहिला नाही म्हणून हरत नाही. तो अजून पुरेपूर सैनिक आहे म्हणून हरतो. प्रस्तुत लेखकाचा व्यायामाशी संबंध सोसायटीची लिफ्ट बंद पडते त्या दिवसापुरताच असल्यामुळे या वादात त्याचा काडीचा स्वार्थ नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

पुराव्याला सुरुवात तुरुंगापासून करू. १८१८ च्या सुमारास विल्यम क्युबिट नावाच्या इंग्रज इंजिनिअरने कैद्यांसाठी एक पायचक्की काढली. कैद्याने फिरत्या चाकाच्या पायऱ्या चढत राहायचं, आणि चढून कुठेही पोचायचं नाही. शतक संपता संपता ब्रिटिशांनाच तिची लाज वाटली आणि तुरुंगांतून ती गेली. आज तिचा वंशज आपल्या जिममध्ये ऐसपैस बसलेला आहे, नावसुद्धा तुरुंगातलंच आहे, ट्रेडमिल. आणि वर्षाची वर्गणी भरून लोक त्याच्यावर चढतात. कैद्यांना समोर टीव्ही नव्हता, एवढीच काय ती सुधारणा. बर्पी नावाच्या प्रकाराची कथा याहून मौजेची. उभा माणूस खाली बसतो, बसलेला पालथा पडतो, पालथा पडलेला पुन्हा बसतो आणि उठून उडी मारतो; लांबून पाहणाऱ्याला वाटावं की याच्या अंगावर पाल पडली. कोलंबिया विद्यापीठात शिकणाऱ्या रॉयल हडलस्टन बर्पी यांनी १९४० च्या आगेमागे या हालचालीचं मूळ, सौम्य रूप बसवलं ते माणसाची तब्येत झटपट तपासायला, आणि त्यासाठी त्यांना चार आवर्तनं पुरत होती. चार! दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराने ती चाचणी म्हणून उचलली, आणि फौजेच्या हातात गेलेली कुठलीही गोष्ट चारावर थांबत नाही. २०१० साली सुरू झालेल्या स्पार्टन रेसमध्ये एखादा अडथळा चुकला की तीस बर्पींचा दंड बसू लागला. म्हणजे आधी ती तपासणी होती, मग तिची शिक्षा झाली आणि शेवटी शिक्षेचा खेळ झाला. आपला सुभेदार नेमका मधल्या पायरीवर अडकलेला आहे. ‘तीस बर्पी!’ असं ऐकताच त्याच्या मनात पहिला विचार येतो, ‘पण मी केलं काय?’ आणि तो गुन्हा आठवत उभा असतो तोवर शेजारचा पोरगा बारा मारून मोकळा झालेला असतो.

ओझ्याचं तर विचारूच नका. लष्करी शास्त्राचा दोन हजार वर्षांचा इतिहास म्हणजे शिपायाच्या पाठीवरचं ओझं कसं कमी करावं याचा इतिहास आहे, आणि तो बहुतेक अपयशाचाच. रोमन सेनापती मारियसने सामान गाड्यांवरून उतरवून शिपायांच्या पाठीवर दिलं, तेव्हा लोक त्यांना ‘मारियसची खेचरं’ म्हणू लागले. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश शिपाई साठेक पौंड अंगावर घेऊन खंदकाची शिडी चढत होता. १९५० साली एस. एल. ए. मार्शल या अमेरिकी लेखकाने या एकाच विषयावर अख्खं पुस्तक लिहिलं आणि सेनाधिकाऱ्यांना परोपरीने विनवलं की बाबांनो, ओझं वाढलं की माणूस दमतो, दमला की घाबरतो, तेव्हा नको ते सामान काढा. शिपायाला हे पुस्तक वाचायची गरज पडत नाही. पिशवीतून काय काय गुपचूप काढता येईल हे त्याला पहिल्या रूट मार्चलाच कळतं, आणि बाहेरून पिशवी टम्म दिसावी म्हणून आत उशी कोंबायची विद्या दुसऱ्या मार्चपर्यंत हस्तगत होते. अशा माणसासमोर तुम्ही काय ठेवता? वीट! अमेरिकेत ‘गोरक’ या कंपनीने २०१० पासून जे कार्यक्रम भरवायला सुरुवात केली, त्यांत पाठपिशवीत विटा घालून रात्रभर शहरातून चालायचं असे. पुढे विटांची गैरसोय होऊ लागली म्हणून कंपनीने पिशवीत नीट बसतील अशा लोखंडी पाट्या विकायला काढल्या. म्हणजे पूर्वी ओझं निदान फुकट मिळत होतं. विटेचा यापेक्षा शहाणपणाचा उपयोग पंढरपुरात होऊन गेलेला आहे. तिथे तिच्यावर नुसतं उभं राहायचं, कंबरेवर हात ठेवून, आणि लोकांनी चालत यायचं.

आपल्याकडे तर ओझं कमी करण्यासाठी माणसांनी आयुष्यं घातली. हमालाच्या पाठीवरचं शंभर किलोचं पोतं पन्नासावर यावं म्हणून बाबा आढावांच्या हमाल पंचायतीला किती झगडावं लागलं, ते पुण्याच्या भुसार बाजारात कोणीही सांगेल. त्याच महाराष्ट्रात, २०२५ साली, हायरॉक्स नावाची जर्मन स्पर्धा मुंबईत आली. २०१७ मध्ये हॅम्बुर्गला जन्मलेली ही स्पर्धा एका मोठ्या दालनात होते. एक किलोमीटर पळायचं आणि एक कष्टाचं काम करायचं, असं आठ वेळा. त्यांतल्या एका कामाचं नाव ‘फार्मर्स कॅरी’. पुरुषांच्या खुल्या गटात दोन्ही हातांत चोवीस-चोवीस किलोचं वजन घेऊन दोनशे मीटर चाललं की झालात तुम्ही शेतकरी. सातबारा नको, विहीर नको, सोसायटीचं कर्ज नको. पंचेचाळीस किलोची युरियाची गोणी खांद्यावर टाकून बांधापर्यंत जाणाऱ्याला कोणी पदक दिल्याचं मात्र अजून ऐकिवात नाही. यात सुभेदाराची कुचंबणा दुहेरी होते, कारण तो फौजी आहे तसा शेतकऱ्याचा मुलगाही आहे. दोन्ही घराण्यांनी त्याला एकच गोष्ट शिकवली: जड वस्तू दिसली की आधी बैल शोधायचा, नाहीतर रिक्रूट.

आता मुख्य मुद्दा, आणि इथे जरा रेंगाळायला हवं. फौज माणसाला सर्वांत पहिलं शिकवते ते मधे राहायला. रांगेत पहिला आला तो उस्तादांच्या नजरेत भरतो आणि पुढच्या प्रत्येक कामाला ‘चल, तू ये’ म्हणून उचलला जातो. शेवटचा आला त्याचा तर रगडाच निघतो. मधल्याचं नावसुद्धा कोणाला आठवत नाही, आणि नाव न आठवणं यासारखं सुख फौजेत दुसरं नाही. सुभेदाराच्या नोकरीत भारतीय सेनेच्या बीपीईटी या शारीरिक चाचणीत लढाईच्या सरंजामासकट पाच किलोमीटर पळावं लागे, आणि तिशीच्या आतल्या जवानाने ते पंचवीस मिनिटांत पुरं केलं की उत्कृष्ट शेरा मिळे. आता तुम्ही-आम्ही म्हणू, बावीस मिनिटांत येऊन दाखवावं. फौजी तसं करत नाही. बावीस मिनिटांत येणाऱ्याला शेरा तोच मिळतो, आणि वर कंपनीच्या क्रॉस कंट्री संघात नाव जातं. मग पुढची तीन वर्षं सगळे झोपलेले असताना याने डोंगर पळायचे. शहाणा जवान चोवीस मिनिटं पन्नास सेकंदांनी येतो, जरा जास्तच धापा टाकतो आणि झाडाखाली जाऊन बसतो. उभं राहण्यापेक्षा बसणं बरं, बसण्यापेक्षा लवंडणं बरं आणि लवंडलोच आहोत तर झोपलेलं काय वाईट, हे तत्त्वज्ञान जगातल्या कुठल्याही पलटणीत एकाच भाषेत चालतं. हा आळस नव्हे. उद्या किती चालावं लागेल हे ज्याला कोणी सांगत नाही, त्याची ही काटकसर आहे. आणि स्पर्धा? स्पर्धेत उधळपट्टीला बक्षीस असतं. शेवटच्या रेषेवर ज्याच्या अंगात काहीच शिल्लक नाही, तो जिंकला. सुभेदाराने मात्र परतीच्या वीस किलोमीटरची बेगमी करून ठेवलेली असते. परत न्यायला जावई गाडी घेऊन आलाय, हे त्याच्या पायांना कोणी सांगितलेलं नसतं.

दुसरी खोड याहून महागात पडते. फौजेत तुकडीचा वेग म्हणजे सर्वांत मागच्या माणसाचा वेग. आठ फुटी भिंत आली की दोघांनी खाली हात जुळवायचे, बाकीच्यांना वर चढवायचं आणि शेवटच्याला वरून ओढून घ्यायचं. यात विचार करायला जागाच नसते, हात आपोआप जुळतात. स्पर्धेत भिंत येते, सुभेदाराचे हात जुळतात, आणि त्यावर पाय ठेवून अनोळखी माणसं चढू लागतात. एक जातो, दुसरा जातो, ‘थँक्यू अंकल’ म्हणून कॉलेजच्या चार पोरी जातात. अकरावा गेल्यावर त्याच्या लक्षात येतं की वरून हात द्यायला कोणीच थांबलेलं नाही. टफ मडरसारख्या स्पर्धांत वेळ मोजत नाहीत आणि एकमेकांना मदत करण्याची शपथच घ्यायला लावतात, हे खरं, आणि तिथे आपला गडी शोभून दिसतो. पण तिथलं दुखणं वेगळं. चिखलावर लोंबणाऱ्या तारांत वीज सोडलेली असते, काहींत दहा हजार व्होल्टपर्यंत, आणि लोकांनी त्यांतून पळायचं असतं. फौजी माणूस तिथे काय करेल? जे कोणताही जबाबदार माणूस करेल तेच. तो दोन्ही हात पसरून मागच्यांना अडवतो आणि ओरडतो, “थांबा! तारेत करंट आहे! मेन स्विच कुठाय?”

“काका, तोच तर ऑब्स्टॅकल आहे.”

“आणि वायरमन?”

“काका, प्लीज, मागे लाइन लागलीय.”

यानंतर मिळणारं बक्षीस म्हणजे नारिंगी रंगाची डोक्याला बांधायची पट्टी आणि एक ग्लास बिअर. डोक्याला पट्टी बांधणं म्हणजे सिक रिपोर्ट, हे त्याच्या मनात पक्कं असतं. आणि बिअरकडे तर तो ज्या नजरेने पाहतो, ती नजर कॅन्टीन कार्ड असलेल्या माणसालाच समजेल.

वेशाचा प्रश्न थोडक्यात उरकतो. ‘टॅक्टिकल’ या शब्दाला हल्ली मसाल्याची गत आली आहे. कशावरही भुरभुरावा आणि किंमत वाढवावी. टॅक्टिकल पेन निघालं, टॅक्टिकल पँट निघाली, बाळाला पोटाशी बांधायची टॅक्टिकल झोळीसुद्धा निघाली, बाजूला दुधाची बाटली अडकवायच्या पट्ट्यांसकट. परिणामी स्पर्धेच्या सकाळी मैदानावर जे दृश्य दिसतं ते असं: छातीवर पोलादी पाट्यांचं जाकीट, गुडघ्यांना ढाली, अंगभर जंगलछाप आणि छातीपर्यंत दाढी अशा थाटात उभा असलेला माणूस विमा कंपनीत असतो, आणि जुनी पांढरी बनियन, खाकी हाफ पँट आणि मुलाचे टाकलेले बूट घालून कोपऱ्यात उभा असलेला माणूस सियाचीनला जाऊन आलेला असतो. स्वयंसेवक विमेवाल्याला सॅल्यूट ठोकतात आणि सुभेदाराला विचारतात, “काका, तुम्ही कोणाबरोबर आलात?”

पण निदान नेमबाजीत तरी? हा आक्षेप रास्त आहे. अमेरिकेत अलीकडे ज्या खास टॅक्टिकल स्पर्धा भरतात, त्यांत वाळूची पोती ओढून, जाकीट घालून पळून झाल्यावर रायफलीने आणि पिस्तुलाने नेमही धरावा लागतो. इथे माजी सैनिकाने बाजी मारावी, असं कोणालाही वाटेल. अडचण अशी की चांदमारीवर त्याने जन्मभर नेम धरला तो निवांत पालथं पडून, कोपर टेकून, श्वास रोखून. छातीत ढोल वाजत असताना रोखायला श्वास असावा लागतो. आणि या बाबतीत आमच्याकडे असा साक्षीदार आहे की ज्याच्यावर वयाचा, पोटाचा किंवा रमचा आरोप करता येणार नाही. १९१२ साली स्टॉकहोमच्या ऑलिम्पिकमध्ये आधुनिक पेंटॅथ्लॉन हा प्रकार पहिल्यांदा आला. शत्रूच्या मुलखात सापडलेल्या घोडदळाच्या अधिकाऱ्याने नेम मारत, तलवार चालवत, पोहत, घोडा फेकत आणि पळत परत यायचं, अशी त्यामागची कल्पना. टॅक्टिकल फिटनेसची आद्य स्पर्धाच म्हणा ना! अमेरिकेने पाठवला लेफ्टनंट जॉर्ज पॅटन; हाच पुढे दुसऱ्या महायुद्धातला गाजलेला सेनापती. वय सव्वीस, वेस्ट पॉइंटचा पदवीधर, नोकरीत हजर. पोहून झाल्यावर त्याला नावाड्याच्या आकड्याने पाण्याबाहेर ओढावं लागलं. धावण्याची शर्यत संपवून तो बेशुद्ध पडला. आणि नेमबाजीत, सैनिकाच्या हक्काच्या घरात, तो विसाव्या नंबरच्या आसपास गेला. तक्त्यावर भोकं कमी भरत होती. पॅटनचं म्हणणं असं की गोळी चुकली नाही, ती आधीच्याच भोकातून गेली. पंचांनी ते मानलं नाही. एकूण निकालात तो पाचवा आला, ही काही वाईट कामगिरी नव्हे. पहिले चारही स्वीडिश होते. पण ‘गोळी आधीच्याच भोकातून गेली’ हे उत्तर ऐकलं की जगातला प्रत्येक सुभेदार मान डोलावतो. हा आपलाच माणूस.

कोणी म्हणेल, पॅटनला हरवणारेही लष्करातलेच होते की. होते. पण ज्या शर्यतीत जवळपास सगळे फौजीच उतरलेत तिथे कोणीतरी फौजी पहिला येणारच, याला त्या बिचाऱ्यांचा इलाज नव्हता. कोणी म्हणेल, हे सगळं पाल्हाळ कशाला, सरळ म्हणा ना की सराव सुटला. तर हाही मुद्दा तपासू. साताऱ्याकडच्या कुठल्याही रस्त्यावर पहाटे उभे राहा. सोळाशे मीटरचं अंतर साडेपाच मिनिटांत कापायला धडपडणारी भरतीची पोरं तुम्हांला दिसतील, आणि कडेला शिट्टी घेऊन उभा असलेला एक निवृत्त हवालदारही दिसेल. सराव सुटलेला माणूस पहाटे साडेचारला उठून दुसऱ्यांना पळवत नाही. पळवणं हाच त्याचा सराव आहे, आणि तो एक दिवस चुकलेला नाही. इथे आम्ही आपोआपच सर्वांत जड आक्षेपापाशी येऊन पोचतो, तो असा: माजी सैनिकाला या प्रकाराचं इतकं वावडं असेल, तर हे धंदे काढले कोणी?

काढले माजी सैनिकांनीच, कबूल. जॉर्ज एबेर हा फ्रेंच नौदलातला अधिकारी. त्याने पहिल्या महायुद्धाआधी उड्या मारणं, चढणं, ओझं वाहणं यांची जी पद्धत बसवली, तिच्या पोटातून अडथळ्यांचे लष्करी मार्ग आणि पुढे पार्कूर निघालं. इंग्लंडात १९८७ साली ‘टफ गाय’ ही अडथळ्यांची शर्यत सुरू करणारे बिली विल्सन ग्रेनेडियर गार्ड्समध्ये होते. ‘मिस्टर माउस’ या नावाने ते ओळखले जात. ही शर्यत ऐन जानेवारीत व्हायची, गारठलेल्या पाण्यातून आणि आगीवरून, आणि उतरण्यापूर्वी स्पर्धकांकडून मृत्युपत्रासारख्या एका कागदावर सही घेत. ‘गोरक’ काढणारे जेसन मॅकार्थी अमेरिकेच्या ग्रीन बेरे दलातले. यादी भक्कम आहे. फक्त एक गोष्ट नीट पाहा: ही मंडळी शिट्टीच्या कुठल्या बाजूला उभी आहेत? पिठ्ठूत दोन जागा असतात, एक पिशवीखाली आणि एक शिट्टीमागे. शिपाई भरती होतो तो पिशवीखाली, आणि सारी नोकरी त्याची धडपड चाललेली असते ती शिट्टीमागे जायची. पहिली फीत लागते, दुसरी लागते, आणि एका मंगल प्रभाती तो उस्ताद होतो. मॅकार्थी, विल्सन ही ज्ञानी माणसं. त्यांना कळलं की निवृत्त झालो तरी शिट्टी सोडायची नाही, उलट आता तर पिशवीखालचे लोक आपण होऊन पैसे आणून देतात. ज्या उस्तादाने बराकीत रिक्रूटांना विनामूल्य रगडलं, त्याला हे कळलं असतं तर त्याने वेळेवर पावतीपुस्तक छापलं असतं. आपला पहिलटकर सुभेदार मात्र पंचवीस वर्षांच्या नोकरीने मिळवलेली शिट्टी घरी खुंटीला टांगून पुन्हा पिशवीखाली जाऊन उभा राहतो. त्याच्या चुकीला चूक म्हणायचं तर ही. बाकी पायांना दोष देऊ नये.

मग तो दुसऱ्यांदा का जातो? कारण जातोच, पहिल्या स्पर्धेनंतर चार दिवस जिना उलटा उतरणारा हा माणूस पाचव्या दिवशी पुढच्या स्पर्धेचा फॉर्म भरायला नातवाला हाक मारतो. घरात यावर चर्चा होते. “अहो, सरकार पैसे देत होतं तेव्हा गुडघे दुखायचे तुमचे,” सुभेदारीणबाई म्हणतात. “आता आपण पैसे देतोय तर बरे दुखत नाहीत!” यावर उत्तर नसतं. आमचा तर्क असा, की निवृत्तीनंतर सकाळी सहाला माणसाला काय करायचं ते कोणी ओरडून सांगत नाही. सोसायटीच्या सभेत त्याने सूचना मांडली तर तिच्यावर चर्चा होते, चर्चा! इथे निदान एक मनुष्य हातात भोंगा घेऊन ‘खाली! वर! पुन्हा!’ असं ओरडतो आणि शंकेला जागा ठेवत नाही. तो ओरडणारा पोरगा चोवीस वर्षांचा असतो, त्याच्या ओरडण्यात दम नसतो आणि शिव्या तर अगदीच शाकाहारी असतात. पण सुरुवात म्हणून चालतं.

वेळेची गोष्ट राहिली. स्पर्धेत सुभेदाराचा गट सुटणार असतो नऊ चाळीसला. आता फौजेत साहेबांनी नऊ म्हटलं की ॲडज्युटंट पावणेनऊ सांगतो, सुभेदार मेजर साडेआठ, प्लाटूनचा हवालदार आठ, आणि जवान सातपासून उन्हात उभा असतो. इथे साहेब नाही, ॲडज्युटंट नाही, म्हणून सुभेदार या सर्वांच्या वतीने वजाबाक्या स्वतःच करतो आणि पहाटे चारला दालनाच्या फाटकावर हजर होतो. फाटक बंद असतं. आत सिक्युरिटीच्या खोलीत एक जण कानटोपी घालून बसलेला असतो, आणि आपल्याकडच्या बहुतेक फाटकांसारखाच तोही पेन्शनीतला फौजी निघतो.

“कुठली पलटण?”

“सहा मराठा. तुमची?”

“तोफखाना. एवढ्या पहाटे इकडं कुठं?”

सुभेदार सांगतो. पळायचं, पोती उचलायची, ढकलगाडी ढकलायची, पुन्हा पळायचं. तोफखाना लक्ष देऊन ऐकतो.

“किती देतात?”

“देत नाहीत. भरावे लागतात.”

तोफखाना बराच वेळ काही बोलत नाही. मग उठून तो आपली प्लास्टिकची खुर्ची फाटकाबाहेर आणून ठेवतो आणि वर आपली शालही देतो. नऊ चाळीसला भोंग्यावरून सुभेदाराच्या नंबराचा पुकारा होतो, एकदा, दोनदा, तीनदा. खुर्चीतून उत्तर येत नाही. शाल मात्र संथ लयीत वरखाली होत असते. तोफखाना शेजारी उभा राहून पहारा देतो, आणि आत जाणाऱ्या जंगलछाप गर्दीला ओठांवर बोट ठेवून सांगतो, हळू.